श्वासाची जागा

गुलाब तोडसामनं बँड सोडला
तेव्हा गाड्यावरचं नाव आम्ही खोडलं नाही.
'नवजीवन ब्रास बँड, घाटंजी'
आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरात,
'गायक : गुलाब'.
पेंटरचे पैसे तसेही द्यायचे राहिले होते.

अकरा जणांचा बँड.
लोक विचारायचे, गुलाब येईल ना?
जशी आम्ही बाकीची दहा
त्याच्या लाल कोटाची बटणं.
वरातीपुढं तो उलटा चालायचा,
आमच्याकडं तोंड करून, माइकची वायर काखेत,
आणि कधी पडला नाही.
धोंडा आला की हुसेन ड्रमच्या कडेवर
टक् करायचा, एवढंच.

मी कॉर्नेट. डावीकडून दुसरा.
लग्नाच्या फोटोंत अर्धा.

सोळा हंगामांत
त्यानं पहिली ओळ एकदाही वेळेवर उचलली नाही.
खर्रा थुंकायचा, कॉलर सारखी करायचा, मग गायचा.
तोवर हुसेन एक रोल जादा फिरवायचा
आणि लोकांना वाटायचं,
काय अदा आहे!

दमही कमीच.
वरच्या सुराआधी, ओळीच्या मधोमध,
तो श्वास घ्यायचा.
तेवढी जागा माझी.
तीन सूर, घाट चढून आल्यावर चार.
कुणी सांगितलं नव्हतं,
शेंदताना दोर जसा
या हातातून त्या हातात जातो
तसं ते होत गेलं.

मग साळ्यानं डोक्यात घातलं,
"भाऊजी, पब्लिक तुमाले पाह्यते.
या दहा जणाईले कायले पोसता?"
यवतमाळहून दोन स्पीकर आले,
पेनड्राइव्हात तीनशे गाणी, नुसतं संगीत.
चौकात फ्लेक्स लागला :
गुलाब एकटा, मागं ढग.

पारव्याला शंकरपट होता, रात्री त्याचा कार्यक्रम.
मी बैल पाहायला गेलो होतो.
घरी तसंच सांगितलं.

संगीत सुरू झालं. तो अजून कॉलरपाशी.
संगीत थांबलं नाही.
झेंडी पडून गेल्यावर सुटलेल्या जोडीसारखा
तो अर्धी ओळ मागं, धावत.
डावीकडं पाहिलं त्यानं, सवयीनं.
तिथं एक पोरगं मोबाइलात मान घालून.

मग तो वरचा सूर.
त्याआधी श्वास.
आणि ती जागा.

मला आयुष्यभर वाटायचं, तीन सुरांएवढी असेल.
बैलगाडी आडवी वळली असती तिच्यातून.
कुणी शिट्टी मारली.
शेजारचा म्हातारा म्हणाला,
"आवाज बसला वाट्टे बिचाऱ्याचा."
आवाज बसला नव्हता.
दर लग्नात होता तोच होता.
चिवड्याच्या पुडीवर माझी बोटं हलली,
पहिलं-दुसरं, पहिलं, मोकळं.
कागद करकरला.

आम्हीही काही सुखात नाही.
नवं पोरगं आणलंय, उमरीचं.
गळा गोड, ताल पक्का,
अख्खी ओळ एका दमात नेतो.
मी आपला त्याच्या मागं मागं
तो गातो तेच वाजवतो.
वरात मांडवात शिरली की कॉर्नेट उलटा करून
थुंकी झटकतो मातीत,
तेव्हा वाटतं, ते तीन सूरही असतील तिच्यात.

परवा स्टँडवर भेटला गुलाब.
कटिंग सांगितली दोन, पैसे मीच दिले.
बसचं बोललो, उन्हाचं बोललो.
"नवं पोट्टं कसं गाते?"
चांगलं गाते, म्हणालो.
"खर्रा खाते?"
नाही.
"येळेवर उचलते?"
हो.
कप खाली ठेवून तो बराच वेळ
डेपोतून मागं मागं येणारी गाडी पाहत बसला,
आणि कंडक्टर पत्र्यावर थाप मारत होता ते.
"मंग हुसेन काय करते बे?"